माघी पौर्णिमेचा नकाशा

मी कोणत्या खात्यात होतो, असे आमच्या कामोठ्याच्या इमारतीत कोणी विचारले की माझ्याआधी माझी पत्नी उत्तर देते, "चिखलखात्यात." जिने माझे कपडे आयुष्यभर तीन-तीन पाण्यांतून काढले, तिचा हा अधिकार मी मान्य केला आहे. परंतु वाचकांसाठी सांगतो की मी भूमापक होतो, आणि नोकरीची अखेरची वर्षे पनवेल-उलव्याच्या खाडीकाठची तिवरे नकाशावर आणण्यात गेली.

वडिलांची इच्छा मी वेदमूर्ती व्हावे अशी होती. त्यासाठी आठव्या वर्षी मला पाठशाळेत धाडले गेले. तिथली पहिली शिकवण अशी, की कोणतेही कर्म आरंभण्यापूर्वी संकल्प करावा, आणि संकल्पात आपण कोठे बसलो आहोत व आज कोणती तिथी आहे हे स्पष्ट उच्चारावे. आधी देश आणि काळ, मग बाकीचे. सर्वज्ञ परमेश्वरालाही आपला पत्ता आणि आजची तिथी सांगावी लागते, याचे त्या वयात मला हसू येई. गुरुजी म्हणत, "ते देवासाठी नाही रे. आपल्यासाठी आहे." हे वाक्य समजायला मला पन्नासएक वर्षे आणि एक कोळीण लागली. तोच प्रसंग येथे सांगायचा आहे.

तत्पूर्वी आमचे काम थोडक्यात सांगतो. तिवर हे भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलात उगवणारे झाड. खारे पाणी पिऊन जगते, आणि श्वास घेण्यासाठी आपली मुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर काढते. सरकारी कागदात त्याला कांदळवन म्हणतात. माझ्या उमेदीच्या काळात मात्र त्याला काहीच म्हणत नसत. साखळी ओढत खाजणाच्या कडेपर्यंत जायचे, पुढे चिखल दिसला की थांबायचे आणि तेवढ्या जागेवर 'पोटखराबा' असे सुंदर अक्षरात लिहायचे. पोटखराबा म्हणजे पीक न येणारी, आकारणीच्या दृष्टीने निरुपयोगी जमीन. माझे अक्षर चांगले होते, त्यामुळे हा शब्द पुष्कळ ठिकाणी माझ्याच हातचा सापडेल.

पुढे काळ बदलला. तिवर तोडणे गुन्हा ठरला आणि ज्या झाडांकडे आम्ही पाहत नव्हतो त्यांची हद्द काढणे हे आमचे कर्तव्य झाले. आता साखळी नव्हती, उपग्रह होता. तो आकाशातून छायाचित्र घेतो. त्यात डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाशही उमटतो, म्हणून पडद्यावर जिवंत पान हिरवे नव्हे, लालभडक दिसते. मला ते प्रथम पाहताना कुंकवाचा सडा आठवला होता. लाल ठिपक्यांभोवती रेघ ओढायची, शंका असेल तेथे प्रत्यक्ष जाऊन पाहायचे, आणि खाली सही करायची.

पडद्यासमोर शमीमबाई बसत. पनवेलच्याच, वयाने माझ्या थोरल्या मुलीएवढ्या, आणि त्या यंत्रावर त्यांचा हात असा चाले की मला आमच्या घनपाठी गुरुजींची आठवण व्हावी. कार्यालयाने मला दिलेले 'शास्त्रीबुवा' हे नाव त्या सर्वांत जास्त वापरत. पाहणीला निघण्यापूर्वी मी स्नान-संध्या करतो, परत आल्यावर पुन्हा स्नान करतो, यावर त्यांचे म्हणणे असे की माझ्यामुळे धरणाची पातळी खालावते.

आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकेही पाहण्यासारखी असत. एका सद्‌गृहस्थांनी पळस्प्याच्या नाक्यावर आम्हांला आग्रहाने चहा पाजला आणि मग आपल्या जागेवर नेऊन सांगितले की ही तिवरे नव्हेत, गवत आहे. गवत माझ्या खांद्यापर्यंत होते आणि त्याला खोड होते. मी म्हटले, "आपल्या गाईंची उंची फार असली पाहिजे." ते गृहस्थ आजही भेटले की नमस्कार करतात, पण चहाचे विचारत नाहीत. दुसरे एक होते, ते अहिंसक. त्यांनी एकाही झाडाला हात लावला नव्हता; फक्त खाडीच्या तोंडाशी लहानसा बांध घातला होता. पाणी येईनासे झाले आणि झाडे उभ्या-उभ्या वाळली. "आम्ही काय केलं साहेब, त्यांचं आयुष्यच तेवढं," असे म्हणून त्यांनी हात जोडले. असे निर्मळ मुख मी अनेक कीर्तनकारांचेही पाहिलेले नाही.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना आम्ही आमच्या भागाचा नवा नकाशा पूर्ण केला. तो हरकतींसाठी लावला गेला, आणि मुदत संपायला काही दिवस राहिले असता चांगुणाबाई आमच्या कार्यालयात आल्या.

चांगुणाबाई उलव्याच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यातल्या. वाड्याचे नाव लिहीत नाही, कारण तिथे हा अंक वाचला जातो आणि मला तिथे अजून जायचे असते. सकाळी पनवेलच्या बाजारात बसून त्या सरळ आमच्याकडे आल्या होत्या. डोक्यावरची पाटी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. पाटीत सुतळीने बांधलेल्या दोन जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे तिवरांच्या चिखलातले मोठे खेकडे, होत्या, आणि त्यांतील एकीने माझ्या गंधाच्या डबीकडे रोखून पाहिले, असे शमीमबाई पुढे सर्वांना सांगत असत.

"तुमच्या नकाशात आमची तिवरं नाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "ही चिंबोरी तितलीच हाय. तिवरं नाय तर ही काय आभालातून पडली?"

मी नकाशा उलगडला. त्यांच्या वाड्यामागच्या जागी निळसर करडा रंग होता, म्हणजे उथळ पाणी आणि चिखल. मी त्यांना आदराने, सावकाश, आणि आज आठवले तर कान गरम होतील इतक्या थोरपणाने समजावले की उपग्रह कोणाचा पक्ष घेत नाही. जे असते ते दिसते. दिसले नाही त्या अर्थी ते नाही.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग जे सांगितले त्याचा सारांश असा. त्या जागी पूर्वी मोठी तिवरे होती. कोणीतरी बांध घातला आणि ती मेली. एका पावसाळ्यात बांध फुटला, पाणी पुन्हा फिरू लागले आणि रोपे आपोआप उगवली. वाड्यातल्या बायकांनी गुरांपासून ती राखली. आता ती कमरेएवढी झाली आहेत. चांगुणाबाईंच्या यजमानांना दम्यामुळे होडी सोडावी लागली, तेव्हापासून घर त्या चिंबोऱ्यांवरच चालते. नकाशात जागा चिखल म्हणून कायम झाली, तर रस्त्याकडून भराव टाकून तिथे ट्रक उभे करण्याचा बेत आहे, आणि त्या भरावाखाली चांगुणाबाईंचे घर चालवणारा चिखल जाणार आहे.

"फोटू कवा काढलाय?" त्यांनी विचारले.

मी तारीख सांगितली.

"तारीख नको. तिथ सांगा."

येथे मला, खोटे कशाला बोलू, थोडा आनंद झाला. कार्यालयात मला कोणी तिथी विचारत नसे. पंचांगाला हात न लावता मी म्हणालो, "माघी पौर्णिमा." ती मला विसरणे शक्यच नव्हते. त्या दिवशी पहाटे माझ्या माघस्नानाची सांगता झाली होती.

"आनि वकत?"

"सकाळी अकराच्या सुमारास."

चांगुणाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे थोर मन. "बुवा, पुनवेला अकराला तितं पानी किती असतं ते तुमाला ठावं नाय? मानूस बुडंल. मंग कमरंएवढी तिवरं कुटून दिसतील?"

कोळ्यांचा हिशेब वाचकांसाठी सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आत शिरायला पाणी थोडा उशीर करते इतकेच. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे आणि अमावास्येलाही पंधराच धरायचे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी सर्वांत उंच. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. या काठावर हयात गेली. पण तिथी ही माझ्या देवघरातली वस्तू होती. रोज सकाळी संकल्पात मी ती उच्चारीत असे, आणि कार्यालयात येताना पळीपंचपात्राबरोबर घरीच ठेवून येत असे. शमीमबाईंच्या यंत्राला तारीख ठाऊक होती, तिथी नव्हती. मला तिथी ठाऊक होती, आणि मी तारखेवर सही केली होती.

शमीमबाई खुर्ची वळवून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, या खालांना आधी चहा सांगा. मग आपण दोघं शर्मिंदा होऊ."

दुसऱ्या दिवशी मी घरून पंचांग आणले. उपग्रह दर खेपेस साधारण त्याच वेळी जातो, म्हणून भरती नव्हे तर पुरती ओहोटी अकराच्या आसपास येईल अशी तिथी हवी होती. गणिताने षष्ठी निघाली. सहाची पाऊणपट साडेचार, तेव्हा भरती; त्यापुढे सहा तासांनी ओहोटी, आणि खाडीचा उशीर मिळवून अकरा. शमीमबाई जुन्या छायाचित्रांच्या तारखा वाचू लागल्या आणि मी पंचांगात बोट फिरवून तिथ्या सांगू लागलो. चतुर्थी, नको. द्वादशी, नको. याच वेळी आमचे साहेब आत आले. टेबलावर उघडे पंचांग, पडद्यावर तारखांची यादी आणि आमची गंभीर तोंडे पाहून ते म्हणाले, "काय बुवा, कुणाचं लग्न काढलंत?"

"तिवरांचं, सर," शमीमबाई म्हणाल्या. "मुहूर्त मिळत नाहीये."

मिळाला. फाल्गुन वद्य षष्ठी, रंगपंचमीचा दुसरा दिवस. ते छायाचित्र पडद्यावर उमटले आणि वाड्यामागच्या त्या करड्या जागी, रस्त्यापासून पाण्यापर्यंत, लाल रंग पसरलेला दिसला. फिकट, विरळ, पण लाल. शमीमबाई म्हणाल्या, "बुवा, आपली रंगपंचमी जरा उशिरा झाली."

साहेबांनी छायाचित्र पाहिले आणि योग्य तेच सांगितले. पडद्यावरचे पुरेसे नाही. जागेवर जा, कडेने फिरा, पंचनामा करा, सुनावणीच्या आत आणा. सुनावणीच्या आधी मोकळा असा एकच दिवस उरत होता, आणि तो नेमका सर्वपित्री अमावास्येचा होता.

सकाळी तर्पण, श्राद्ध, पान वाढणे सगळे यथासांग झाले. जेवण उरकून मी जुनी विजार चढवताना पत्नी दारात उभी राहिली. "सकाळी पितरांना पाणी, संध्याकाळी चिखलाला नमस्कार. उद्या कावळा म्हणेल, हे आमचे नव्हेत."

"तो ओहोटीला येतो का विचार," मी म्हणालो. लग्नानंतर मी तिला वरचढ उत्तर दिल्याचा हा बहुधा दुसरा प्रसंग.

अमावास्येची ओहोटी मावळतीच्या थोडी आधी. चारच्या सुमारास आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी बरेच उतरले होते, आणि करड्या पाण्यातून एकेक शेंडा वर येत होता. ज्या जागी मी 'पाणी' अशी सही केली होती, तिथे पाहता पाहता झाडे उभी राहिली. पण रस्त्याच्या बाजूला पाहिले आणि माझे पाय थांबले. तिथे तांबड्या मुरमाचा ताजा पट्टा पडला होता. डंपरच्या चाकांच्या खुणा अजून ओल्या होत्या. नकाशा कायम होण्याचीही कोणी वाट पाहिली नव्हती. त्यावर पाणी दाखवले आहे, एवढे त्यांना पुरले होते.

"आठ दिस झाले टाकत्यात," चांगुणाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे वाटले असते.

आम्ही कडेने चालू लागलो. पुढे चांगुणाबाई, मागे जागेची नोंद घेणारे यंत्र हातात धरून शमीमबाई, मध्ये मी. अर्ध्या वाटेत माझा उजवा पाय मांडीपर्यंत रुतला आणि डावा त्याच्या सोबतीला निघाला. चांगुणाबाई मागे वळल्या, हात पुढे केला आणि तो अर्ध्यावरच थांबवला.

"आज सर्वपित्री," त्या म्हणाल्या. "तुमचं सोवळं असंल. हात देऊ का शमीमला सांगू?"

इतका सभ्य प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नसेल, आणि इतकी लाज मला कोणत्याही अपशब्दाने वाटली नसती. माझ्या सहीने ज्यांच्या झाडांवर मुरूम पडला त्या बाई माझे सोवळे सांभाळत होत्या. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी एका हिसड्यात मला वर काढले. उजवी चप्पल चिखलाने ठेवून घेतली.

"पितरांना पोचली," शमीमबाई मागून म्हणाल्या.

सूर्य टेकायच्या आत फेरी पूर्ण झाली. पाणी फिरताच चांगुणाबाईंनी हाक दिली आणि आम्ही एकाच चपलेने, म्हणजे मी, बाहेर आलो.

सुनावणीत साहेबांनी तिवरांची जागा लगेच मान्य केली. प्रश्न मुरमाच्या पट्ट्याचा राहिला. जागेवर आज झाडे नाहीत, मग नकाशात कशी दाखवणार? साहेब माणूस सरळ होते, कचाट्यात सापडले होते. ते म्हणाले, "बुवा, तुम्ही जागा पाहून आलात ना? जागेवर काय आहे ते लिहा."

माझ्या तोंडून जे निघाले ते मी ठरवून आणलेले नव्हते. मी म्हणालो, "साहेब, नुसती जागा लिहिली म्हणून तर माघात चूक झाली. जागेबरोबर काळ लिहू या. हा नकाशा ज्या काळाचा आहे त्या काळी तिथे झाडे होती. फाल्गुनाचे छायाचित्र साक्षी आहे. त्यांवर मुरूम नंतर पडला आहे, आणि तो झाडांवर पडला आहे, पाण्यावर नाही, हे कागदावर राहू द्या."

साहेबांनी मान्य केले. दुरुस्त नकाशात पट्टा तिवरांच्या हद्दीत आला. खाली छायाचित्राची तारीख, वेळ आणि 'ओहोटी' हा शब्द बारीक अक्षरात नव्हे, ठळक छापला गेला. तिथी छापायला ते तयार झाले नाहीत. ती मी मूळ प्रतीच्या मागे पेन्सिलने लिहिली. सरकारी कागदावर केलेला माझा हा एकमेव गैरप्रकार.

तेव्हापासून पुढचा भराव थांबला आणि ट्रकांचा बेत बारगळला. पण मुरूम उचलण्याचा आदेश निघून दोन वर्षे होत आली तरी मुरूम तिथेच आहे. पूर्वी झाडे जागेवर होती आणि नकाशात नव्हती. त्या पट्ट्यापुरती ती आता नकाशात आहेत आणि जागेवर नाहीत. बाजारात भेटल्या की चांगुणाबाई विचारतात, "बुवा, तुमच्या कागदावरची तिवरं केवढी झाली?" मी मान खाली घालून मेथीची जुडी पाहू लागतो.

निवृत्त झालो तरी सकाळचा संकल्प चालूच आहे. तिथी उच्चारली की आता जिभेमागून मन पाऊणपट करते, आणि आचमनाच्या आत मला कळते की वाड्यामागे या क्षणी पाणी कोठवर आले असेल. हे देवाला चालते की नाही ठाऊक नाही. गुरुजींना चालले असते.

यंदाच्या माघी पौर्णिमेला स्नान उरकून मी बाजारात गेलो, तर चांगुणाबाईंची जागा रिकामी. शेजारणीने सांगितले की त्या वाड्यावरच आहेत. मी रिक्षा केली. पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि खाडी काठोकाठ भरली होती. चांगुणाबाई मुरमाच्या कडेला बसल्या होत्या. पाणी मुरमाला टेकून उभे होते, त्याला पुढे जायला वाट नव्हती. मी शेजारी बसलो. समोर पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. भर उधाणाच्या पाण्यावर, सगळीकडे, वीत-वीतभर पानांचे झुबके तरंगल्यासारखे दिसत होते. दोन वर्षांत ती झाडे पाण्याहून उंच झाली होती.

चांगुणाबाईंनी एकदा आभाळाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आता काड म्हनावं फोटू," त्या म्हणाल्या.